टाकीचा भाग

माझी नात गार्गी एकच विनोदी मालिका चौथ्यांदा बघते आहे. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते, घास तोंडात, आणि हसायची जागा यायच्या आधीच हसते. सून करवादते, "अगं, पुढे काय होणार ते माहितेय ना तुला? मग काय बघतेस?" गार्गी म्हणते, "माहितेय म्हणूनच बघते." सुनेला हे पटत नाही. मला पटतं, पण मी मध्ये पडत नाही. पडले तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि सून मनातल्या मनात म्हणेल, झालं, सासूबाई सुरू झाल्या. इथे मला अडवणारं कोणी नाही, तेव्हा सांगून टाकते.

पिंपळे सौदागर तेव्हा खेडं होतं. आता इथे एवढ्या सोसायट्या झाल्यात की रिक्षावाल्याला बिल्डिंगचं नाव सांगून भागत नाही, विंग सांगावी लागते. तेव्हा पेरूच्या बागा, मेथीचे वाफे आणि पवनेच्या काठचा गारठा. आम्ही शेवंताआत्यांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आत्या म्हणजे नात्याने कोणी नव्हे, मालकीणबाई. पण मालकीणबाई म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "आमी काय तुमास्नी इकत घेतलंय व्हय?" म्हणायच्या. त्यांची थोडी जमीन कारखान्याच्या रस्त्यात गेली होती, आणि त्या पैशांतून त्यांच्या थोरल्याने टीव्ही आणला होता. गावातला पहिला. अँटेना दोन वेळूंना जोडून सिंहगडावरच्या टीव्ही-टॉवरकडे तोंड करून उभी केलेली; वारा सुटला की आत्याचा थोरला छपरावर आणि खाली दारातून पाच-सहा जणांची आरडाओरड, "आलं, आलं! गेलं! अरे, होतं तेच बरं होतं!"

माझे वडील, आप्पा, माणदेशातून आलेले. नदीपलीकडे एका कारखान्यात प्रेसवर काम करायचे. पत्रा साच्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की वरून जबडा खाली येऊन पत्र्याचा भाग तयार. दोन बटणं अशासाठी, की जबडा खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेरच असावेत. हे सगळं मला लहानपणीच पाठ होतं, कारण आप्पा जेवताना ताट-वाटी घेऊन प्रेस चालवून दाखवायचे आणि आई म्हणायची, "वरण सांडलं तर तुमच्या साहेबाला बोलवीन पुसायला." आप्पा हसरे होते. अगदी मोठ्याने, मान मागे टाकून हसायचे. आमच्या आईला त्याची लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा, हे मला आता कळतं.

गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर 'मुक्काम पोस्ट तिसरा मजला' लागायचं. तिसऱ्या मजल्यावरचे चार भाडेकरू आणि त्यांचे चिक्कू मालक नानासाहेब. छप्पर गळो, जिना पडो, कोणाच्या डोक्यावर गिलावा कोसळो, नानासाहेब तपकिरीची चिमूट ओढत यायचे आणि शांतपणे विचारायचे, "बाकी सगळं ठीक आहे ना?" एवढंच. पण ते कधी विचारणार याची वाट बघण्यात आमचा सगळा जीव असायचा. आत्याची ओटी, सोपा, दार, सगळं माणसांनी भरलेलं. गोठा सोप्याला लागूनच, त्यामुळे म्हैससुद्धा आमच्यातच. आत्या तर टीव्हीतल्या नानासाहेबांना उत्तर द्यायच्या, "कशाचं ठीक, मुडद्या! पानी गळतंय की डोस्क्यावर!"

आप्पांची शिफ्ट पंधरवड्याला बदलायची. दुसरी शिफ्ट असली की गुरुवार हुकला. पहिली असली तरी ओव्हरटाइम कधी मानगुटीवर बसेल याचा नेम नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. दिवाळीच्या बोनसमधून घरात छोटा टेप आला होता, नुसता आवाज टिपणारा, पितळी जाळीचा. तो मी टीव्हीच्या पुढ्यात स्टुलावर ठेवायचे आणि अख्खा भाग कॅसेटवर घ्यायचे. चित्र नाही तर नाही, आवाज तर मिळाला! सकाळी आप्पा दाढी करता करता ऐकायचे आणि मी शेजारी बसून चित्र सांगायचे: "आता नानासाहेब जिन्यात पाय घसरून बसलेत, आप्पा." रेकॉर्डिंग चालू असताना कोणी बोलायचं नाही असा माझा कडक हुकूम होता, आणि तो अख्खं गाव पाळायचं. म्हैस सोडून. आणि आप्पा घरी असले तर आप्पा सोडून.

कॅसेट एकच. एका बाजूला एक भाग मावायचा. नवा भाग घ्यायचा तर जुन्यावर घ्यायचा. पण पहिल्या बाजूवर आम्ही दुसरा भाग कधी घेतला नाही, कारण तिच्यावर टाकीचा भाग होता. नानासाहेब गच्चीवरची पाण्याची टाकी तपासायला जातात आणि आत पडतात. खाली भाडेकरू त्यांना शोधतायत, नळाच्या पाण्याला तपकिरीचा वास येतोय, आणि शेवटी टाकीचं झाकण उचलून नानासाहेबांचं डोकं वर येतं: "बाकी सगळं ठीक आहे ना?" त्या गुरुवारी आप्पांना ओव्हरटाइम होता, म्हणून मी टेप लावून ठेवला होता. ते निम्म्या भागात आले. कॅसेटवर ते सगळं आहे. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज, मग आप्पांचं "किती झालं? काय झालं?", माझं "शूऽऽ", म्हशीचं हंबरणं. नंतर मीच माझा हुकूम मोडला आहे. कॅसेटवर माझा आवाज येतो, नाकातला, हट्टी: "आप्पा, पुढच्या गुरुवारी पहिल्यापासून बघायचं. उशीर केलात तर बोलणारच नाही तुमच्याशी." आणि आप्पांचा खुशीतला आवाज: "येतो गं बाई! दुसऱ्या बटणाला सायकलची ट्यूब आवळून बांधली की एका हाताने लॉट नुसता उडतो. तू बघच." त्याच्यावर नानासाहेब टाकीतून वर येतात, आणि आप्पांचं ते मान मागे टाकून हसणं.

पुढच्या गुरुवारी आप्पा आले नाहीत. मालिका लागली, संपली. मी रागाने टेपसुद्धा लावला नव्हता. म्हटलं, आता खरंच बोलत नाही. माणसं उठून जायला लागली तेव्हा आप्पांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस सायकलवरून आला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीला रक्त होतं. "वहिनी, घाबरू नका," म्हणाला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन, म्हणजे ज्यांनी माणूस घास उचलतो आणि सही करतो ती. 'हा लॉट संपव आणि जा' असं सुपरवायझरने सांगितलं होतं म्हणे. आप्पा दवाखान्यातून घरी आले तेव्हा अख्खी ओटी भरली होती. नेमकं शेवंताआत्यांना काहीतरी बोलायचं सुचलं आणि सवयीने निघून गेलं, "बाकी समदं ठीक हाय न्हवं, रामभाऊ?" म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावली. सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा हसले नाहीत. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

घरातला आवाजच गेला. आई भाकऱ्या थापायची तीसुद्धा हळू. आप्पा कोणाशी बोलायचे नाहीत, कारखान्यातली माणसं भेटायला आली तर झोपेचं सोंग घ्यायचे. एकदा सावंत फिटर आले. कोकणातले, मशीन दुरुस्त करणारे, आप्पांचे जुने दोस्त. आप्पांनी कारखान्यात सांगितलं होतं की मशीनने आपोआप दोनदा मारलं, बटण न दाबता जबडा खाली आला. त्या सांगण्यावरून सावंतांची चौकशी लागली होती, त्यांना घरी बसवलं होतं. सावंत उंबऱ्यातच उभे राहिले. "रामभाऊ, सोमवारी मीच मशीन बघितलेलं हां. ता डबल कसा मारला, माका खरंच कळत नाय," म्हणाले. रागाने नव्हे, कोड्यात पडल्यासारखे. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. सावंत उंबऱ्यातूनच परत गेले. त्याच दिवशी आप्पांनी आईला सांगितलं, "आवराआवर कर. गावी जाऊ. थोट्याला इथे कोण विचारतंय?"

विचारत होते, ही खरी गोष्ट. स्टोअरमध्ये हलकं काम देतो असा निरोप दोनदा आला होता. पण आप्पांचं एकच, गावी जाऊ. आता गावी जाणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी दहावीला होते, पिंपरीच्या शाळेत. गावात शाळा सातवीपर्यंत, आणि पुढे आत्तीने, म्हणजे आप्पांच्या बहिणीने, एक स्थळ बघून ठेवलेलंच होतं. मुलगा चांगला, विहीर आहे, मागणी नाही काही. मी त्या विहिरीत जीव देईन असं आईला सांगितलं. आई म्हणाली, "आधी दहावीचं गणित सुटतंय का बघ, मग जीव दे." पण तिचेही डोळे भरले होते.

आणि या सगळ्यात आप्पा एकच गोष्ट मागायचे: टेप. सकाळी उठले की डाव्या हाताने बटण दाबायचे आणि टाकीचा भाग ऐकायचे. संपला की कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून तीनदा, चारदा. हसायचे नाहीत, नुसते ऐकायचे. आई वैतागायची, "अहो, त्या मेल्याला किती वेळा टाकीत पाडणार?" आज मी तिला सांगू शकते की दुखऱ्या माणसाला नवीन गोष्ट नको असते. नवीन गोष्टीत काय वाढून ठेवलंय कोण जाणे. टाकीत पडलेले नानासाहेब मात्र प्रत्येक वेळी वर येणारच. ती खात्री माणसाला धरून ठेवते. पण तेव्हा मला ते कळत नव्हतं, कारण मला दुसरंच ऐकू यायचं. माझा तो नाकातला आवाज. "उशीर केलात तर बोलणारच नाही." माझ्यापायी त्यांनी घाई केली. माझ्यापायी एक बटण ट्यूबने दाबून ठेवलं आणि एक हात साच्यापाशी मोकळा राहिला. दिवसातून चार वेळा माझाच गुन्हा माझ्याच आवाजात घरभर वाजायचा, आणि आप्पा तो डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, ते मला ऐकवतायत.

मग एका दुपारी मी ठरवलं. आप्पा आणि आई आतल्या खोलीत पडले होते. मी बाहेरच्या खोलीत टेप मांडीवर घेतला. आवाज अगदी बारीक करून, मागे-पुढे करत ती जागा शोधली. माझं "आप्पा, पुढच्या गुरुवारी" जिथे सुरू होतं ती. तिथे थांबवलं. टेपवर काही नवीन घ्यायचं तर लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बटणं एकदम दाबावी लागायची. मी दाबली. चाकं फिरायला लागली. मी मनातल्या मनात आकडे मोजत बसले, कारण आमचं बोलणं किती लांब आहे ते मला पाठ होतं. तीसपर्यंत मोजलं आणि थांबवलं. झालं. आता तिथे काहीच नव्हतं, नुसती खरखर. लगेच पुढे नानासाहेब टाकीतून वर येत होते. मी टेप जागेवर ठेवला आणि हंडा घेऊन विहिरीवर पाण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी नेहमीप्रमाणे भाग लावला. आई चुलीपाशी, मी वेणी घालत होते. सायकल टेकवल्याचा आवाज आला. "किती झालं? काय झालं?" झालं. माझं "शूऽऽ" झालं. म्हैस हंबरली. आणि खरखर सुरू झाली. माझी बोटं वेणीतच अडकली.

आप्पा उठून बसले. त्या खरखरीवर, टेपकडे बघत, ते स्वतः बोलायला लागले. आधी माझ्या आवाजात, नाकातून, अगदी माझ्यासारखा हेल काढून: "आप्पा, पुढच्या गुरुवारी पहिल्यापासून बघायचं. उशीर केलात तर बोलणारच नाही तुमच्याशी." मग स्वतःच्या आवाजात: "येतो गं बाई! दुसऱ्या बटणाला सायकलची ट्यूब आवळून बांधली की एका हाताने लॉट नुसता उडतो. तू बघच." एक शब्द इकडचा तिकडे नाही. बोलणं संपलं आणि त्याच क्षणी कॅसेटवर नानासाहेब वर आले, "बाकी सगळं ठीक आहे ना?", आणि जुने आप्पा खदखदून हसले. नव्या आप्पांनी टेप बंद केला.

मी रडायला लागले. "मी पुसलं, आप्पा. मी मुद्दाम पुसलं," म्हटलं.

"इकडे ये, सुमे," आप्पा म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. पट्टीतला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "टेपला पुसायला दोन बटणं कशाला दिलीत, माहितेय? चुकून काही जाऊ नये म्हणून. आमच्या प्रेसला दोन दिलीत तीही त्याचसाठी. त्यातलं एक बांधून टाकलं ते मी. तू आठवडाभर माझ्याशी अबोला धरला असतास तर माझं काय जाणार होतं? एक आठवडा शांतता मिळाली असती." आई चुलीपाशी हसली की हुंदका दिला, कळलं नाही. आप्पा म्हणाले, "ट्यूब मी बांधली. ती गाठ कापून खिशात घातली ती त्या शेजारच्या मशीनवाल्याने, मला वाचवायला. आणि मी नाव घेतलं मशीनचं. तिकडे सावंत पोरंबाळं घेऊन घरी बसलाय."

"कोणाला सांगायला जाताय आता?" आई घाबरून म्हणाली. "कोणाला माहीत नाहीये. टेपवर होतं तेही पोरीने पुसलं."

"म्हणूनच जायचं," आप्पा म्हणाले. "टेपवर होतं तोवर वाटायचं, कधीतरी कोणीतरी ऐकेल, मग बघू. आता मलाच बोलावं लागणार."

सोमवारी ते धुतलेला सदरा घालून गेले. सायकलच्या हँडलवर एक धड हात, एक पट्टीचा. मी आणि आत्या नदीच्या वळणापर्यंत बघत उभ्या होतो. आत्या म्हणाल्या, "पोरी, त्यो परत येतूय तवा कामावर आसंल न्हाईतर घरी आसंल, पन मान ताठ आसंल. तू काळजी नको करू." आणि तसंच झालं. आप्पांना काही आठवडे बिनपगारी बसवलं, कडक पत्र दिलं. सावंत दुसऱ्याच दिवशी कामावर गेले आणि संध्याकाळी सोलकढीची कळशी घेऊन आमच्याकडे आले. आप्पांना दोन शिव्या दिल्या, मालवणीत, त्या इथे लिहिता येणार नाहीत, आणि मग दोघं जेवायला बसले. पुढे आप्पा स्टोअरला लागले. जेवणाच्या सुट्टीत खिशात ब्लेड घेऊन प्रेसच्या रांगेतून चक्कर मारायचे. कुठे बटणाला ट्यूब बांधलेली दिसली की बोलायचे नाहीत, उजवा हात त्या पोराच्या नाकासमोर धरायचे आणि डाव्या हाताने ट्यूब कापायचे. निवृत्तीपर्यंत त्यांनी हे केलं. मी दहावी झाले, पुढे ड्रॉइंगचा कोर्स केला आणि चिंचवडला एका कंपनीत मशीनची ड्रॉइंग काढत तीस वर्षं नोकरी केली. विहीरवाल्या मुलाला दुसरी चांगली बायको मिळाली, सुखी आहे.

टाकीचा भाग आम्ही त्यानंतर कितीतरी वेळा ऐकला. सणाला, पाहुणे आले की, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा. खरखरीची जागा आली की घर गप्प व्हायचं आणि आप्पा ती जागा स्वतः म्हणायचे, दोन्ही आवाजांत, मोठ्याने. एकदाही त्यांनी ती रिकामी जाऊ दिली नाही. माझ्या मुलांना तर वाटायचं, ते असंच असतं. मध्येच टीव्ही थांबतो आणि आजोबा बोलतात.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, आईही गेली. परवा मुलाने ती कॅसेट ट्रंकेतून काढली आणि पुण्यात कोणाकडून तरी तिचा आवाज मोबाइलवर उतरवून आणला. गार्गीने तिचे ते कानात घालायचे माझ्या कानात घातले. "आजी, ऐक," म्हणाली. सायकल आली. "किती झालं? काय झालं?" आलं. म्हैस हंबरली. मग खरखर. सवयीने मी आप्पांच्या आवाजाची वाट बघितली, आणि मग लक्षात आलं की आता म्हणायला कोणी नाही. टेप पुसणं म्हणजे त्या जागेवर नवीन आवाज टिपणंच, आणि त्या टेपची खोडच अशी होती की खोली शांत असली की तो बारीकसारीक आवाजही ओढून घ्यायचा. मी स्वस्थ बसून ऐकत राहिले. आधी माझा श्वास ऐकू आला, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा, मोजणारा. मग लांबून, आतल्या खोलीतून, आईची कुजबूज: "अहो, सुमी टेप पुसतीय वाटतं."

मग खाट करकरली, आणि आप्पांचा आवाज, हळू:

"पुसू दे. तिला सोसत नाहीये ते. मला पाठ आहे."